फळीतला गडी आधी

ओरिन पावलिक त्या रविवारी प्यायलेला होता, असे मला तिघांनी सांगितले. त्या तिघांपैकी एकही जण अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये हजर नव्हता. जे हजर होते, त्यांच्या सांगण्याप्रमाणे ओरिनच्या हातात कागदी पेला होता आणि त्या पेल्यात महिला मंडळाने सकाळी उकळून ठेवलेली, दुपारपर्यंत करपत गेलेली कॉफी होती. तो संतापलेला होता, एवढेच खरे. संतापलेल्या म्हाताऱ्याला दारुडा ठरवले की त्याच्या संतापाचे कारण विचारावे लागत नाही. टिलमन्स फेरी या आमच्या गावात ही सोय फार जुनी आहे.

कारण समजण्यासाठी आमच्या गावचा ड्राफ्ट समजला पाहिजे. चेंडू काखेत मारून पळायचा आणि पळणाऱ्याला आडवे करायचे, असा आमचा फुटबॉल. अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे त्यात चार संघ: निळा, लाल, हिरवा आणि सोनेरी. ऑगस्टमध्ये मुलांची चाचणी होते, वजने होतात, आणि मग प्रशिक्षक हॉलमध्ये बसून आळीपाळीने एकेका मुलाचे नाव घेतात. गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिले नाव घेण्याचा मान मिळतो. वजनकाट्यावर जे मूल ठरलेल्या आकड्याच्या वर जाते, त्याच्या हेल्मेटवर काळी पट्टी चिकटवतात. पट्टीच्या मुलाने चेंडू घेऊन पळायचे नाही. त्याने पुढच्या फळीत उभे राहायचे, समोरून येणारे अंगावर घ्यायचे आणि मागच्या हलक्या मुलांना वाट करून द्यायची. हा नियम सुरक्षेसाठी आहे, हे मान्य. परंतु ड्राफ्टमध्ये हीच मुले शेवटपर्यंत उरतात. उकाड्यामुळे हॉलचे मोठे दार उघडे असते आणि बाहेर बंबावर चढून बसलेल्या मुलांना आतले हसणे-खिदळणे सगळे ऐकू जाते. याला कोणती सुरक्षा म्हणायचे, ते मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

हॉलचा आणखी एक दंडक आहे. संघाच्या टेबलावरून एकदा नाव उच्चारले गेले की ते मागे घेता येत नाही, मग ते उच्चारणारा मुख्य प्रशिक्षक असो वा त्याचा मदतनीस. फार पूर्वी एका प्रशिक्षकाने इतरांच्या हसण्याला लाजून घेतलेले नाव परत केले होते आणि ते मूल दाराबाहेरच उभे होते. त्यानंतर हा दंडक आला. आमच्या गावाने लाज वाटून केलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

निळ्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता ओरिनचा मुलगा डेल. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन पुढे कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा खेळाडू, होता डेलचा मुलगा वेस. आणि फळीतल्या मुलांना शिकवणारा मदतनीस होता स्वतः ओरिन. तीन पिढ्या एका टेबलावर. बाहेरून पाहणाऱ्याला हे फार गोड वाटे.

ओरिन दगडी कोळशाचा कोक बनवणाऱ्या भट्टीच्या खालच्या आळीत जन्मला आणि तिथेच वाढला. हायस्कूलमध्ये तो फळीच्या डाव्या टोकाला उभा राहत असे. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते. तिकडून येणारा त्याला दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या बाजूला ओरिन उभा असे. त्याच्या तिन्ही हंगामांचे गावच्या साप्ताहिकाचे अंक मी पाहिले आहेत. क्वार्टरबॅकचे नाव जवळपास प्रत्येक अंकात आहे. पुढे तो मोटारींचा व्यापारी झाला आणि मैदानाच्या धावफलकावर आज त्याच्याच दुकानाची पाटी आहे. ओरिनचे नाव एकदाच छापले गेले, तेही चुकीचे, आणि तेही त्याच्या हातून नियमभंग होऊन संघाला दंड झाला म्हणून. फळीतल्या गड्याने काम चोख केले तर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. चुकला, तरच त्याचा नंबर भोंग्यावरून पुकारला जातो.

भट्टी बंद पडल्यावर ओरिन परगण्याच्या रस्ते खात्यात बर्फ उपसण्याच्या गाडीवर लागला. दोन्ही गुडघे बदलून घेतले. उजव्या हाताची बोटे अशी वाकडी झाली की हात मिळवताना समोरचा दचकतो. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याची तक्रार दर एप्रिलमध्ये असे. शहरातला व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंची निवड करतो तेव्हा अख्खे गाव दूरचित्रवाणीपुढे बसते. संघ दरवर्षी पहिले नाव कोणा वाऱ्यासारख्या पळणाऱ्याचे घेई, आणि दरवर्षी नाताळपर्यंत त्या संघाचा क्वार्टरबॅक कुबड्यांवर येई. एके वर्षी ओरिनने पडद्यावर सपात भिरकावली. "घराला छप्पर नाही आणि हे झुंबर विकत घेतायत!" तो ओरडला होता. सून रेनीने सपात उचलून परत आणून दिली आणि म्हणाली, "पॅप, अजून सहा फेऱ्या आहेत. दुसरी सपात जपून ठेवा."

गेल्या ऑक्टोबरात वेसचे गळ्याखालचे, खांद्याला जोडणारे हाड मोडले. डाव्या बाजूने आलेल्या मुलाला अडवायला कोणी नव्हते. तिथे उभा केलेला मुलगा सडपातळ होता, घाबरून बाजूला झाला. त्याला मी दोष देत नाही. डेलने पहिली सगळी नावे पळणाऱ्यांची घेतली होती आणि उरलेल्यांतून फळी शिवली होती. वेस मागून आलेल्या धडकेने खांद्यावर आपटला. तो आवाज प्रेक्षकांत ऐकू गेला, असे सगळेच सांगतात. मला ते अतिशयोक्त वाटत असे. पण रेनीनेही तेच सांगितले, आणि रेनी एरवी काहीच वाढवून सांगत नाही. हाडात पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले. शल्यक्रिया चालू असताना बाहेरच्या बाकावर डेल बापाच्या खांद्यावर डोके ठेवून रडला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी तू म्हणशील तो गडी घेऊ, डॅड. सगळ्यात आधी."

ओरिनने हे वाक्य जपून ठेवले. डेल ते विसरला.

ऑगस्टच्या वजनाला डेझमंड ओकली आला तेव्हा काटा थेट काळ्या पट्टीच्या आकड्यापार गेला. गावात नुकताच राहायला आलेला, रुंद, शांत मुलगा. आई लोरेटा वृद्धाश्रमात परिचारिका. चाचणीत त्याला कोणी चेंडू दिला नाही. पण एका मोठ्या मुलाने त्याला गंमत म्हणून छातीवर धडक दिली, तेव्हा डेझमंड जागचा हलला नाही, उलट पडलेल्या मुलाला हात देऊन "लागलं का रे?" असे विचारू लागला. ओरिनच्या हातातली शिट्टी खाली पडली.

"तो," ओरिन म्हणाला.

"बघू," डेल म्हणाला. त्याची नजर ट्रेव्हर ब्रॅनिगनवर होती. ट्रेव्हर पळू लागला की बाकीची मुले उभी असल्यासारखी वाटत.

रविवारी हॉलमध्ये पालक भिंतीलगत घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. फुटबॉल मंडळाचा अध्यक्ष व्हर्न डिट्झ पितळी घंटेपाशी उभा होता. लाल संघाचा प्रशिक्षक सॅल मोरेली पहिल्यापासून रंगात होता. "पट्टीवाले यंदा भरपूर आहेत," तो म्हणाला. "ओरिन, तुझ्या बर्फाच्या गाडीतून ने सगळ्यांना. आणि गाडीचे टायर आधी बघून घे!" भिंतीलगत हशा झाला. लोरेटा ओकली हसली नाही. ती अजून रुग्णसेवेच्या पोशाखातच होती.

"निळा संघ, पहिले नाव," व्हर्न म्हणाला.

डेल उठला. त्याने बापाकडे पाहिले नाही, आणि ओरिनला जे समजायचे ते तिथेच समजले. डेलने तोंड उघडले, "ट्रे..."

"डेझमंड ओकली!" ओरिन गरजला. कॉफी टेबलभर सांडली.

डेलच्या तोंडचे नाव अर्धे झाले होते की पाऊण, यावर हॉलमधल्या लोकांचे आजही एकमत नाही. सोनेरी संघाचे लोक म्हणतात की 'ट्रेव्ह'पर्यंत ऐकू आले. व्हर्नने क्षणभर छताकडे पाहिले. "अर्धं नाव म्हणजे नाव नव्हे," तो म्हणाला आणि त्याने घंटा वाजवली. "डेझमंड ओकली, निळा."

"ट्रेव्हर ब्रॅनिगन!" सॅलने घंटेचा नाद विरण्याआधीच घोषणा केली. "आणि पावलिक घराण्याचे मनःपूर्वक आभार! या नाताळाला तुमच्याकडे डुकराची मांडी पाठवतो, ओरिन!"

पुढचे भांडण बंबाच्या मागे झाले. मुलांना तिथून हुसकावले होते, पण ती फार लांब गेली नव्हती.

"तू काय केलंस ते कळतंय का तुला?" डेल म्हणाला.

"तू कबूल केलं होतंस, तेच केलं."

"मी 'बघू' म्हटलं होतं!"

"इस्पितळात नाही म्हणालास 'बघू'. तिथं म्हणालास, सगळ्यात आधी. रडत होतास म्हणून म्हणालास का? अश्रू सुकले की शब्दही सुकतो काय तुझा?"

"ट्रेव्हर एकटा निम्म्या मॅच जिंकून देतो, डॅड! एकटा!"

"त्याच्यापर्यंत चेंडू पोचवणार कोण? वेस. आणि वेस उभा कशाच्या आडोशाला राहणार? तुझ्या तोंडच्या वाफेच्या? स्क्रू आहेत त्याच्या खांद्यात, डेल. स्क्रू! मी रोज त्याला टीशर्ट घालताना बघतो. अजून डावा, दुखरा हात आधी घालतो तो."

 मग डेल जे बोलला, ते त्याने नंतर माझ्यापुढे नाकारले नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. "तुझं दुखणं वेगळंच आहे. तू आयुष्यभर कुणाच्या तरी पुढं उभा राहून मार खाल्लास, आणि कुणी थँक्यू म्हटलं नाही. ते तुला आता माझ्याकडून वसूल करायचंय."

"बाकी कुणी नाही म्हटलं तरी चालेल. तू म्हणावंस!" ओरिनचा आवाज फाटला. "तू क्वार्टरबॅक होतास तेव्हा दर गुरुवारी फळीतली पोरं आपल्या घरी जेवायला यायची. कोबी घातलेल्या शेवया, सॉसेज. तू स्वतःच्या हातानं वाढायचास त्यांना. ते काय, कुत्र्याला तुकडा टाकत होतास? त्या पोरांमुळं तुझी हाडं शाबूत आहेत. आणि आज तुझ्या पोराच्या वेळी तुला चपळ पाय हवेत!"

"बिल्ला दे," डेल म्हणाला.

प्रशिक्षकाचा बिल्ला गळ्यात नसेल तर मैदानाच्या जाळीच्या आत पाऊल टाकता येत नाही. ओरिनने तो काढला आणि मुलाच्या हातात न देता बंबाच्या पायरीवर आपटला.

सरावाच्या पहिल्या आठवड्यात तो जाळीबाहेर घडीची खुर्ची टाकून बसे. डेलने डेझमंडला डाव्या टोकाला उभे केले. नियमाने दुसरीकडे कुठे करणार? पण शिकवायला कोणी नव्हते. मुलगा ताठ उभा राही, आणि चपळ मुले त्याला वळसा घालून वेसपर्यंत पोचत. सरावात धक्का देणे बंद होते म्हणून वेस वाचत होता. सामन्यात तो वाचला नसता, हे ओरिनला दिसत होते, आणि डेललाही दिसत असले पाहिजे. "गुडघे वाकव!" ओरिन जाळीतून ओरडे. डेल शिट्टी वाजवून तो आवाज बुडवून टाकी. दोन मोठी माणसे, आणि मध्ये एक मूल, कोणाचे ऐकावे ते न कळून दोघांकडे पाहत. हे चित्र आठवले की मला दोघांचाही सारखाच राग येतो.

लोरेटा ओकलीला तो माझ्या आधी आला. कामाची पाळी संपवून ती तडक ओरिनच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"मिस्टर पावलिक, माझ्या मुलाचं नाव भर हॉलमध्ये ओरडलात. आता शाळेत त्याला 'पहिला नंबर' म्हणून चिडवतात. म्हणतात, तुझ्यापायी निळ्यांचा हंगाम बुडाला. शिकवायचं नव्हतं तर ओरडलात कशाला?"

"मला आत येऊ देत नाहीत."

"तो तुमच्या घरातला तमाशा आहे. मला एकच सांगा. माझा मुलगा तुमच्या नातवाचं कुंपण आहे का?"

 ओरिनला खोटे बोलणे सोपे होते. तो खोटे बोलला नाही. "हो," तो म्हणाला. "मीही तेच होतो. वाईट काम नाही ते. पण न शिकवता उभं केलेलं कुंपण मोडतं, हेही खरं."

"मग शिकवा. चर्चच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे जाळी नाही. मी बसणार समोर. आधी माझ्या मुलाचं डोकं कसं सांभाळायचं ते शिकवायचं, मग तुमच्या नातवाचा खांदा. हा क्रम चुकला तर मी त्याला घरी घेऊन जाईन."

क्रम चुकला नाही. ओरिनने आधी हात शिकवले: तळवे पुढे, अंगठे वर, डोके मागे. डोक्याने कधीच भिडायचे नाही. अदृश्य खुर्चीवर बसल्यासारखे बसायचे आणि बाजूने सरकायचे, पाय एकमेकांत अडकू न देता. स्वतःचे गुडघे वाकत नसल्याने तो बाकाचा आधार घेऊन दाखवी आणि शिव्या गिळी.

"मी कुणाला ढकललं तर आई रागावते," डेझमंड म्हणाला.

"इथं ढकललं नाहीस तर मी रागावेन."

"रागावून तर बघा," बाकावरून लोरेटा म्हणाली.

"बघ, तुझ्या आईला फळीत घेतलं असतं तर मला एवढी कटकट नसती," ओरिन म्हणाला. त्या महिन्यात तो पहिल्यांदा हसला, असे लोरेटा सांगते. हसू फार टिकले नाही. "परत. पाय अडकला तुझा. परत!"

पहिला सामना लाल संघाशी होता. ओरिन जाळीबाहेर, लोरेटा त्याच्या शेजारी, रेनी आत पहिल्या बाकावर. वेसने सुरुवातीला चेंडू घेतला तेव्हा रेनीने डोळे मिटले, हे तिनेच मला सांगितले. डावीकडून लाल संघाचा सर्वांत दांडगा मुलगा सुटला. डेझमंड बसला, सरकला, तळवे पुढे केले. तो मुलगा भिंतीवर आदळावा तसा आदळला, वळसा घालायला गेला, आणि समोर पुन्हा डेझमंडच. वेसला चेंडू फेकायला एवढा वेळ मिळाला की तो गोंधळला आणि त्याने तो कोणीच नसलेल्या दिशेला फेकून दिला.

दिवसभर हेच झाले. वेसच्या अंगाला कोणी हात लावू शकले नाही. पण चेंडू पकडून पळणारा निळ्यांकडे कोणी नव्हता, आणि लाल संघाकडे ट्रेव्हर ब्रॅनिगन होता. तो दोनदा शेवटच्या रेषेपार पळाला. भोंग्यावरून दोनदा त्याचे नाव पुकारले गेले. निळे हरले, एकही गुण न मिळवता हरले. डेझमंडचा नंबर भोंग्यावर एकदाही आला नाही, आणि त्याचा अर्थ संपूर्ण मैदानात तीन माणसांना समजत होता.

डेल जाळीपाशी आला. त्याचे कान लाल झाले होते. "बघितलंस? शून्य! ट्रेव्हर आपल्याकडे असता तर?"

"ट्रेव्हर आपल्याकडे असता तर वेस आत्ता रुग्णवाहिकेत असता!"

"ते तुला माहीत नाही!"

"मला नाही माहीत? मला?" ओरिनने वाकडी बोटे जाळीत अडकवली. "माझं आयुष्य त्यातच गेलंय, गाढवा!"

"पुरे," रेनी म्हणाली. ती वेसला दंडाला धरून घेऊन आली होती. वेसचा निळा शर्ट सकाळी घातला होता तसाच होता. त्यावर मोहरीच्या चटणीचा एक डाग होता, बस्स. "डेल, याच्याकडे बघ. फलकाकडे नको, याच्याकडे."

डेलने पाहिले. "शर्ट स्वच्छ ठेवून मॅच जिंकता येत नाही," तो म्हणाला, पण आवाजातला जोर कमी झाला होता.

तेवढ्यात डेझमंड आला. त्याचा शर्ट खांद्यापासून फाटला होता, छाती चिखलाने काळी, कोपरे गवताने हिरवी, ओठ सुजलेला. लोरेटाने जाळीतूनच त्याची हनुवटी धरून मान इकडे-तिकडे वळवली. "डोकं आपटलं?"

"नाही. हातच वापरले. ओठ माझ्याच दातानं फुटला."

तिने दोन्ही मुलांचे शर्ट पाहिले. मग ती डेलकडे वळली.

"कोच, यानं तुमच्या मुलासाठी काय केलं ते तुम्हाला दिसतंय. मैदानात याला शिकवणारा एकही माणूस तुमच्याकडे नाही. जो आहे तो इथं बाहेर उभा आहे. पुढच्या शनिवारी एक तर हा म्हातारा आत असेल, नाहीतर माझा मुलगा बाहेर असेल. तुमचं भांडण तुम्ही घरी जेवताना भांडा."

"मिसेस ओकली, हे नियमाप्रमाणे..."

"बिल्ला तुमच्या खिशात आहे," रेनी म्हणाली. "रोज पँट धुताना मीच बाहेर काढते आणि परत ठेवते."

डेलने हातातली कागद लावायची पाटी जमिनीवर आपटली. तिच्यावरचे कागद वाऱ्याने मैदानभर गेले. ते गोळा करायला कोणी वाकले नाही. त्याने खिशातून बिल्ला काढला, फाटकाची कडी सरकवली आणि बापाकडे न पाहता हात पुढे केला.

"ये. पण तोंड बंद ठेवायचं."

"ते जमणार नाही," ओरिन म्हणाला, आणि एकेक गुडघा शिव्या देत उचलत आत आला.